ताईचा वाढदिवस

१२ ऑक्टोबर २०२२. सकाळी डब्यांची गडबड चालली होती. मोबाइल हातात घेतला तर फेसबुकची सूचना : आज ताईचा वाढदिवस, तिला शुभेच्छा द्या! मी पोळी तव्यावर तशीच ठेवून खाली बसले. मे महिन्यातच तर ताई गेली होती. कॅन्सरनं सहा महिन्यांत नेलं तिला.

दुपारपर्यंत तिच्या पानावर शंभरावर निरोप जमले. ‘शतायुषी व्हा’, ‘मॅडम, पार्टी कधी?’ ताई शाळेत बाई होती, ओळखी भरपूर. पुष्कळांना ती गेल्याचं कळलंच नव्हतं. माझा संताप झाला. भाचा म्हणाला, ‘मावशी, खातं बंदच करून टाकू या.’

आई पलंगावर बसून ऐकत होती. म्हणाली, ‘अगं, बंद कशाला? चुकून का होईना, माझ्या लेकीची कुणीतरी आठवण काढतंय ना? वाच बघू मला.’ मग मी एकेक निरोप वाचत गेले आणि आई, पंच्याहत्तरी उलटलेली, डोळे मिटून ऐकत राहिली.

राग कुणाचा करायचा? माझा तरी कुठे हक्क होता? २०२१च्या वाढदिवसाला मी ताईला काय पाठवलं होतं? कुणाकडून तरी आलेलं केकचं चित्र, पुढं ढकललेलं. त्यावर तिचं उत्तर आलं होतं, ‘वेळ मिळाला की फोन कर गं, थोडं बोलायचंय.’ तेव्हा आमच्या बचत गटाच्या दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी चालू होत्या. फोन राहून गेला. दिवाळीनंतर तिच्या छातीतल्या गाठीचं निदान झालं. दवाखान्यात एकदा विचारलंही, ‘तेव्हा काय बोलायचं होतं गं?’ तर म्हणाली, ‘काही नाही, सहजच.’ ते ‘सहजच’ मला अजून झोपू देत नाही.

भाच्याने सगळी माहिती काढली. घरच्यांनी मृत्यूचा दाखला देऊन विनंती केली, की खातं कायमचं काढून टाकता येतं. पण मग फोटो, लिहिलेलं, सगळंच जातं. किंवा ते स्मरणार्थ ठेवता येतं. तसं केलं की कुणालाच ते उघडून वापरता येत नाही आणि वाढदिवसाची सूचना कुणाला जात नाही. पण जुनं सगळं राहतं. आपल्यामागे खातं कुणी सांभाळायचं, हे जिवंतपणीच नेमून ठेवायची सोयही आहे. आम्ही स्मरणार्थ ठेवलं. आईनं विचारलं, ‘आता कुणाला आठवण राहणार?’

पुढच्या वर्षी, २०२३ला, निरोप आले फक्त अकरा. पण ते अकरा जण सूचनेविना आले होते! त्यात तिच्या एका विद्यार्थिनीचा होता : ‘बाई, सहलीचे पैसे नव्हते, तेव्हा तुम्ही भरलेत आणि वर्गात कुणाला कळू दिलं नाहीत. आज माझी मुलगी सहलीला गेली.’ आम्हाला घरात कुणालाच हे ठाऊक नव्हतं. आईनं तो तीनदा वाचून घेतला. संध्याकाळी तिनं ताईच्या फोटोपाशी निरांजन लावलं आणि वाटीभर शेवयांची खीर ठेवली, ताईच्या आवडीची.

तेव्हापासून मी एक नेम केलाय. वाढदिवसाला चित्र पाठवत नाही, फोन करते. आणि समोरची म्हणाली, ‘थोडं बोलायचंय’, तर हातातलं काम ठेवते. मैत्रिणींनो, तुमची ताई आहे ना? मग आज तिचा वाढदिवस नसला तरी फोन लावा. भाजी दहा मिनिटं उशिरा झाली तरी चालेल.