जुनी विंडोज का सोडवत नाही

संगणक सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत यंत्राचे सर्व भाग आणि त्यावर चालणारे सर्व प्रोग्रॅम यांचा मेळ राखणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. फाइल डिस्कवर कोठे ठेवायची, मजकूर प्रिंटरपर्यंत कसा पोचवायचा, एकाच वेळी उघडलेल्या अनेक प्रोग्रॅमपैकी कोणाला किती मेमरी द्यायची, हे सारे तीच ठरवते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या आवृत्तीचा नियमित सपोर्ट थांबवला, तेव्हा ही एरवी कोणाच्या फारशी लक्षात न येणारी गोष्ट घरोघरी चर्चेचा विषय झाली. सपोर्ट थांबल्याने संगणक बंद पडत नाही. थांबते ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी कंपनीकडून मोफत येणारी दुरुस्ती, म्हणजे नव्याने उघडकीस आलेल्या सुरक्षाविषयक त्रुटी बुजवणारे अपडेट. हे अपडेट पुढेही हवे असतील तर विंडोज ११ घ्यावी, असे कंपनीचे सांगणे होते, आणि ते ऐकूनही असंख्य घरगुती वापरकर्ते जागचे हलले नाहीत.

या अनिच्छेचे कारण म्हणून ‘लोकांना बदल नको असतो’ हे उत्तर तज्ज्ञ मंडळी फार लवकर देऊन टाकतात. ते उत्तर अपुरे आहे आणि काहीसे अन्यायकारकही आहे. कार्यालयात नवी प्रणाली आली तर ती आधी तपासून पाहणारा, बिघडल्यास दुरुस्त करणारा आणि कर्मचाऱ्यांना शिकवणारा वेगळा विभाग असतो. घरात मात्र वापरणारा माणूसच त्या यंत्राचा राखणदार असतो, आणि काही बिघडले तर गल्लीतल्या दुकानदाराकडे सीपीयू नेऊन ‘फॉरमॅट मारून’ आणण्यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही नसते. नव्या आवृत्तीचा लाभ त्याला मोघम शब्दांत सांगितला जातो, तर नुकसान अगदी ठोस असते: चालू स्थितीतला प्रिंटर, मुलांचे फोटो, वर्षानुवर्षांच्या हिशेबाच्या फाइली, आणि सरावाने बोटांत बसलेली कामाची पद्धत. महाराष्ट्रात ही शेवटची बाब विशेष जाणवते, कारण २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून संगणक शिकलेल्या एका मोठ्या पिढीने विंडोजची ओळख करून घेतली ती ‘आधी हे दाबायचे, मग ते दाबायचे’ अशा पायऱ्या पाठ करून. बटणाची जागा बदलली की अशा माणसाची सगळी वाटच बदलते.

वापरकर्त्यांची मते अनुभवातून कशी घडत गेली, हे मागील पंचवीस वर्षांच्या इतिहासात स्पष्ट दिसते. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेली विंडोज एक्सपी लोकांच्या इतकी अंगवळणी पडली की जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुली झालेली व्हिस्टा ही तिची उत्तराधिकारी पुष्कळांनी स्वीकारलीच नाही. व्हिस्टाला अधिक मेमरी लागे. प्रत्येक महत्त्वाच्या कृतीआधी ती परवानगी विचारी. आणि अनेक जुन्या प्रिंटर-स्कॅनरसाठी तिला चालणारे ड्रायव्हर, म्हणजे यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यात दुभाष्याचे काम करणारे छोटे प्रोग्रॅम, सुरुवातीला उपलब्धच नव्हते. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक प्रयोग केला. व्हिस्टाबद्दल प्रतिकूल मत असलेल्या लोकांना ‘मोहावी’ नावाची नवी प्रणाली म्हणून प्रत्यक्षात व्हिस्टाच दाखवण्यात आली, त्यांनी ती वाखाणली, आणि मग खरे नाव उघड करण्यात आले. लोकांचे मत पूर्वग्रहातून आलेले आहे, हे कंपनीला त्यातून सिद्ध करायचे होते. परंतु त्या प्रयोगात संगणक कंपनीने तयार ठेवलेला होता आणि प्रात्यक्षिक जाणकार माणसाने दिले होते. पाहणाऱ्याला ती प्रणाली स्वतःच्या जुन्या यंत्रावर बसवायची नव्हती किंवा घरचा प्रिंटर तिला जोडायचा नव्हता. ज्या गोष्टींविषयी खरी तक्रार होती त्याच नेमक्या वगळल्यावर तक्रार उरली नाही, यात आश्चर्य नाही.

ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ चे लोकांनी मनापासून स्वागत केले, ही गोष्ट ‘बदल नको’ या उत्तराला छेद देते. व्हिस्टाचाच पाया असलेल्या त्या आवृत्तीत खोळंबे कमी झाले होते, आणि मधल्या काळात ड्रायव्हरही तयार झाले होते. त्यानंतर २०१२ च्या विंडोज ८ ने कोपऱ्यातले स्टार्ट बटण काढून टाकले आणि स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यासाठी आखलेली मोठ्या चौकटींची मांडणी माउस वापरणाऱ्यांपुढेही ठेवली. ओरड इतकी झाली की वर्षभरात आलेल्या ८.१ मध्ये ते बटण परत आणावे लागले.

विंडोज १० च्या बाबतीत प्रश्न रंगरूपाचा न राहता विश्वासाचा झाला. जुलै २०१५ पासून एक वर्ष ही आवृत्ती विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांना मोफत मिळत होती, आणि ती घेण्याचा आग्रह करणारी चौकट पडद्यावर वारंवार उमटत असे. २०१६ मध्ये तर चौकट बंद करण्यासाठी कोपऱ्यातील फुलीवर क्लिक केले तरी आधी ठरवलेली अपग्रेडची वेळ रद्द होत नव्हती. ज्या खुणेचा अर्थ वर्षानुवर्षे ‘नको’ असा होता, तिचा अर्थ ‘चालेल’ असा लावला गेला. कॅलिफोर्नियातील एका पर्यटन व्यावसायिक महिलेचा संगणक अशा अनाहूत अपग्रेडनंतर कामाचा राहिला नाही, तेव्हा तिने न्यायालयात दाद मागून १०,००० डॉलरची भरपाई मिळवली. पुढे ऑक्टोबर २०१८ च्या मोठ्या अपडेटमुळे काही वापरकर्त्यांच्या कागदपत्रांच्या फोल्डरमधील फाइली पुसल्या गेल्या, आणि काही दिवसांतच कंपनीला ते वितरण थांबवावे लागले. बाधितांची संख्या लहान असल्याचे कंपनीने सांगितले. परंतु ज्याचे फोटो गेले त्याला या स्पष्टीकरणाचा काय उपयोग? ‘आपोआप येणारे काही नको’ असे म्हणणारा माणूस अडाणी ठरवण्याआधी या दोन घटना आठवायला हव्यात.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ ने यात यंत्राच्या पात्रतेची अट आणली. ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण या अटी जड नव्हत्या. अडचण होती ती टीपीएम २.० या सुरक्षा चिपची आणि प्रोसेसरच्या पिढीची. टीपीएम म्हणजे संकेतीकरणाच्या किल्ल्या इतर सॉफ्टवेअरपासून अलग आणि सुरक्षित ठेवणारा भाग. तो मदरबोर्डवर स्वतंत्रपणे बसवलेला असतो किंवा प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असतो. प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो, म्हणजे २०१७ च्या मध्यापूर्वी घेतलेले यंत्र कितीही चांगले चालत असले तरी बहुधा अपात्र ठरते. यंत्र पात्र आहे का हे तपासण्यासाठी कंपनीने दिलेला प्रोग्रॅम सुरुवातीला फक्त ‘चालणार नाही’ एवढेच सांगत होता, कारण देत नव्हता. टीकेनंतर तो मागे घेऊन सुधारून पुन्हा आणावा लागला. कित्येक संगणकांत टीपीएम असूनही बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूलभूत व्यवस्थेत, तो बंद ठेवलेला होता, आणि एक पर्याय चालू केल्यावर तेच यंत्र पात्र ठरत होते. ही माहिती ज्याच्यापर्यंत पोचली नाही, त्याने विनाकारण नव्या संगणकाचा खर्च केला असण्याची शक्यता आहे.

मराठीत काम करणाऱ्यांची एक अडचण या चर्चेत क्वचितच येते, म्हणून ती सविस्तर पाहणे आवश्यक आहे. युनिकोड, म्हणजे जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, घरोघरी रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फॉन्टमध्ये टंकलिखित होत असे, ते रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले होते. सोसायटीच्या सभांची इतिवृत्ते, लग्नाचे बायोडाटा, हस्तलिखितावरून उतरवलेली आजीची पाककृतींची वही, असे पुष्कळ साहित्य आजही त्या फाइलींत आहे. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला की हीच फाइल निरर्थक रोमन अक्षरांच्या ओळींसारखी दिसते, आणि फाइल बिघडली असे समजून माणूस ती काढून टाकतो. वास्तविक मजकूर जसाच्या तसा असतो. जुन्या संगणकाच्या फॉन्ट्स या फोल्डरमधून ती फॉन्ट फाइल उचलून नव्या यंत्रावर बसवली की बहुतेक वेळा तो पुन्हा वाचता येतो. टंकलेखनासाठी त्या फॉन्टबरोबर आलेले कीबोर्डचे सॉफ्टवेअर मात्र नव्या प्रणालीवर चालेलच असे नाही, विशेषतः ते फार जुने असेल तर, कारण विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही आणि ६४-बिट विंडोजवर १६-बिट काळातील प्रोग्रॅम चालत नाहीत. युनिकोडमधील कागदपत्रांनाही लहानसा धक्का बसतो: कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा फॉन्ट विंडोज १० पासून सर्व संगणकांवर आपोआप येत नाही, संगणकात देवनागरीतील भाषा जोडल्यावर तो बसतो. तो नसल्यास मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडतो आणि बेतून बसवलेल्या पानांच्या ओळी सरकतात. ज्याच्याकडे वीस वर्षांचे मराठी लेखन साठलेले आहे, त्याने जुने यंत्र सोडताना कचरणे अगदी स्वाभाविक आहे.

वापरकर्त्यांच्या मतांत एक उणीवही आहे. प्रिंटर बंद पडलेला दिसतो, सुरक्षेतील छिद्र दिसत नाही. त्यामुळे ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हा अनुभव पुरावा म्हणून पुढे केला जातो. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने दीडशेच्या आसपास देशांतील संगणकांवरील फाइली कुलूपबंद करून पैशांची मागणी केली, आणि ब्रिटनमधील सार्वजनिक रुग्णालयांचे कामकाजही त्यामुळे विस्कळीत झाले. ज्या त्रुटीतून तो शिरला, ती बुजवणारा अपडेट दोन महिने आधीच उपलब्ध झाला होता. बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य विंडोज ७ वर चालणारी होती, म्हणजे तेव्हा सपोर्ट चालू असलेल्या आवृत्तीवर. त्यांच्यावर संकट आले ते आवृत्ती जुनी म्हणून नव्हे, तर अपडेट न घेतल्यामुळे. सपोर्ट संपून तीन वर्षे उलटलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने तेव्हा तातडीने दुरुस्ती दिली.

या घटनेतून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. सुरक्षेची दुरुस्ती आणि नवी आवृत्ती या दोन वेगळ्या वस्तू आहेत, पण वापरकर्त्याला त्या एकाच गाठोड्यात बांधून दिल्या जातात. दुरुस्ती हवी असेल तर मध्यभागी सरकलेला टास्कबार, राइट क्लिकची आखडलेली यादी, संगणक सुरू करतानाच मागितले जाणारे ऑनलाइन खाते आणि नव्या यंत्राचा खर्च, हे सगळे तिच्याबरोबर घ्यावे लागते. पडद्याची छायाचित्रे वेळोवेळी टिपून ठेवणाऱ्या ‘रिकॉल’ या सुविधेची घोषणा मे २०२४ मध्ये झाली तेव्हा खासगीपणाच्या मुद्द्यावर इतका विरोध झाला की ती पुढे ढकलून, वापरकर्त्याने स्वतः चालू केली तरच चालेल अशा रूपात आणावी लागली. घरगुती वापरकर्त्याची नाराजी असते ती या गाठोड्यावर; सुरक्षा नको, असे म्हणणारा माणूस सापडणे कठीण.

गाठोडे सोडवता येते, हे कंपनीनेच दाखवून दिले आहे. विंडोज १० साठी जाहीर झालेल्या योजनेनुसार घरगुती वापरकर्त्याला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट घेता येतात. त्यासाठी ३० डॉलर किंवा तेवढी स्थानिक रक्कम भरावी लागते, अथवा मायक्रोसॉफ्ट खात्यावर संगणकाच्या सेटिंग्जची नक्कल ठेवावी लागते. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील वापरकर्त्यांना मात्र ग्राहक संघटनांच्या दबावामुळे नक्कल ठेवण्याची अट न पाळताही हे अपडेट मोफत मिळाले. यंत्र पात्र असेल तर पाहून मग ठरवण्याची सोयही आहे, कारण विंडोज ११ वर गेल्यानंतर दहा दिवसांच्या आत पूर्वीच्या आवृत्तीवर परतता येते. आधी सर्व फाइलींची नक्कल वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवणे एवढे पथ्य मात्र पाळायलाच हवे. अपात्र यंत्रांसाठी लिनक्स मिंटसारख्या मोफत प्रणाली आहेत. त्या पेनड्राइव्हवरून, संगणकातील डिस्कला हात न लावता चालवून बघता येतात, त्यामुळे वायफाय, प्रिंटर आणि मराठी टंकलेखन चालते की नाही याची खात्री आधीच होते. टॅलीसारखे विंडोजसाठी बनवलेले सॉफ्टवेअर ज्याला रोज लागते, त्याला मात्र हा मार्ग सोयीचा नाही.

विंडोज १० च्या निवृत्तीमुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये व्यक्त केला होता. त्यांतील अनेकांत यांत्रिक दोष काहीच नाही. त्यांची उपयुक्तता संपते ती एका तारखेमुळे, आणि खरेदी करणाऱ्याला ती तारीख दुकानात कोणी सांगितलेली नसते. औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते तशी सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार ही तारीख संगणकाच्या खोक्यावर असती, तर घेणाऱ्याने किंमत आणि आयुष्य यांचा हिशेब आधीच केला असता. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या सायबर सुरक्षेच्या कायद्यानुसार डिसेंबर २०२७ पासून उत्पादकाला सपोर्ट संपण्याची तारीख खरेदीच्या वेळीच स्पष्टपणे सांगावी लागेल. भारतातील ग्राहक संघटनांनी येथील दुकानांसाठी हीच मागणी लावून धरली पाहिजे.