पडद्यावरची फोडणी आणि घरातले माप

"डॉक्टर, आम्ही हॉटेलात जात नाही, गाडीवरचं काही खात नाही. सगळं टीव्हीवर बघून घरीच करतो. मग माझं प्रेशर वाढलं कसं?" डोलवी, वडखळ, गडब या भागातले रुग्ण अलीकडे हा प्रश्न वारंवार विचारतात. प्रश्न रास्त आहे. घरचे अन्न ते चांगले अन्न, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. पण घरच्या चुलीवर शिजते म्हणून ते घरचे अन्न होते का, याचा विचार आजच्या लेखात करू.

आधी एक सांगून टाकतो. स्वयंपाकाचे कार्यक्रम पाहणे हा माझा जुना छंद आहे. तेव्हा टीव्हीवर राग काढण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

१९९३ साली झी टीव्हीवर संजीव कपूर यांचा 'खाना खजाना' सुरू झाला. पांढरा कोट घातलेला, हसतमुख, मोठ्या हॉटेलात काम केलेला एक पुरुष गॅससमोर उभा राहून भाजी परततो, हे दृश्यच आपल्याकडे नवे होते. स्वयंपाक हे बायकांचे काम, या समजुतीला त्या कार्यक्रमाने जेवढा धक्का दिला तेवढा दहा व्याख्यानांनीही दिला नसता. तरला दलाल यांनी शाकाहारी घरांत देशोदेशीचे पदार्थ पोचवले. त्यांना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी मधुमेहींसाठीही पाककृतींची पुस्तके लिहिली, हे मला डॉक्टर म्हणून विशेष वाटते. मराठीत नागपूरचे विष्णू मनोहर आले. 'आम्ही सारे खवय्ये'मध्ये प्रशांत दामले गप्पा मारत राहिले आणि गावोगावच्या गृहिणींनी आपापल्या घरचे पदार्थ करून दाखवले. आता तर मोबाइलवर मधुरा बाचल यांची पाककृती लावून भाकरी थापायला शिकणाऱ्या नव्या सुना मी पाहतो. डोलवीत पोलाद कारखान्यामुळे देशाच्या अनेक प्रांतांतली माणसे राहायला आली. त्यांचे पदार्थ आपल्याला आणि आपले त्यांना कळले, त्यात या कार्यक्रमांचा वाटा मोठा आहे.

एवढे गुण असताना बिघडते कुठे? माझ्या मते, मापात.

कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' हे पुस्तक १९७० साली आले. 'एक लाख सुनांची सासू' असे त्यांचे कौतुक झाले, त्याचे एक कारण म्हणजे त्यांनी दिलेले वाटी-चमच्याचे माप. किती वाट्या पीठ, किती चमचे तेल, हे नव्याने संसार मांडणाऱ्या मुलीला नेमके कळे. पडद्यावर काय होते? "थोडंसं बटर" म्हणत शेफ लोण्याचा भला मोठा तुकडा कढईत सोडतात. "आता जरा क्रीम" म्हणत भांडेच वाकडे करतात. मीठ तर नेहमीच "चवीनुसार". पाहणाऱ्याच्या लक्षात हाताची लकब राहते, माप राहत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, पडद्यावरचा पदार्थ एका घासासाठी केलेला असतो. सूत्रसंचालक एक चमचा तोंडात घालतो, डोळे मिटतो आणि "वा!" म्हणतो. त्या एका चमच्याने त्याचे काही बिघडत नाही. आपण मात्र तोच पदार्थ दोन वाट्या खातो, उरला तर सकाळी पोळीबरोबर पुन्हा खातो. शिवाय यातले बरेच शेफ हॉटेलांत तयार झालेले. हॉटेलात गिऱ्हाईक कधीमधी येते, ते खूश होऊन परत यावे म्हणून तूप-लोणी सढळ हाताने घालायचे, ही त्या धंद्याची रीत आहे. त्यात शेफचा दोष नाही. सणाचे जेवण आपण रोजचे करून टाकले, हा प्रश्न आहे.

एक साधा हिशेब करू. समजा, चार माणसांसाठी पनीर बटर मसाला करायचा आहे. दोन मोठे चमचे तेल, दोन मोठे चमचे लोणी आणि अर्धी वाटी, म्हणजे साधारण १०० ग्रॅम क्रीम घातले. तेलातून सुमारे २८ ग्रॅम, लोण्यातून २३ ग्रॅम आणि क्रीममधून २५ ग्रॅम स्निग्धांश मिळाला. एकूण ७६, म्हणजे माणशी १९ ग्रॅम. पनीर आणि काजूतला स्निग्धांश यात धरलेला नाही. आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे प्रमाण पाहा. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला वरून घालायचे तेल-तूप २५ ग्रॅम आणि स्त्रीला २० ग्रॅम पुरे. एका भाजीतच बाईचा दिवसभराचा वाटा जवळजवळ संपला! आमटीची फोडणी, पोळीवरचे तूप, संध्याकाळची भजी अजून बाकीच आहेत.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. भर उन्हात अंगमेहनत करणाऱ्या माणसाला संस्थेने ४० ग्रॅमपर्यंत मुभा दिली आहे. खारेपाटात पूर्वी दिवसभर चिखलात राबणारी माणसे होती. आज त्याच घरातला मुलगा आठ तास खुर्चीवर बसून काम करतो, येता-जाता मोटारसायकलवर असतो. कष्ट कमी झाले आणि कढईतले तेल वाढले, अशी ही उलटी गंगा आहे.

हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्लंडमधल्या संशोधकांनी टीव्हीवरील नामवंत शेफच्या पुस्तकांतल्या १०० पाककृती आणि दुकानात मिळणारी १०० प्रकारची तयार जेवणे यांची तुलना केली. ती २०१२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्व निकषांत त्यांतले एकही जेवण बसले नाही. आणि गंमत म्हणजे शेफच्या पाककृतींत दुकानी जेवणापेक्षा उष्मांक व स्निग्धांश जास्त आणि चोथा कमी निघाला. "घरी केले म्हणजे चांगले" या समजुतीला यापेक्षा नेमके उत्तर नाही. त्याच देशात जेमी ऑलिव्हर या शेफने २००५ मध्ये टीव्हीवरूनच शाळेतल्या जेवणाचा दर्जा चव्हाट्यावर आणला आणि सरकारला त्यासाठी पैसा मंजूर करावा लागला. म्हणजे हत्यार एकच, ते कशासाठी वापरायचे एवढाच फरक.

आता मिठाकडे वळू, कारण रक्तदाबाचे मुख्य दुखणे तेथे आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. त्यात भाजी, आमटी, भात, लोणचे, पापड सगळे आले. पडद्यावरच्या पदार्थात मीठ तीन वाटांनी शिरते. एकदा सॉस, चीज किंवा तयार मसाल्यातून, एकदा खारट लोण्यातून आणि शेवटी "चवीनुसार". सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यातच साधारण दोन ग्रॅमहून अधिक मीठ असते.

आपल्या भागात तर आधीच खारटाची सवय आहे. खाडीकाठचा माणूस खारवलेल्या मासळीशिवाय पावसाळा काढत नाही. पेणचे पापड आणि मिरगुंडे दूरवर प्रसिद्ध आहेत, पण पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो आणि त्यातूनही सोडियमच पोटात जाते. हे पदार्थ सोडा असे मी म्हणणार नाही. मी स्वतःही सोडलेले नाहीत. पण ज्या दिवशी ताटात खारी मासळी असेल त्या दिवशी पापड नको आणि ज्या दिवशी नूडल्स केल्या त्या दिवशी दोन्ही नकोत. जुन्याच्या डोक्यावर नवे चढवले की रक्तदाबाचे यंत्र बोलू लागते.

वाढलेला रक्तदाब बरेचदा काहीही त्रास देत नाही, म्हणून तो फसवा. डोके दुखले नाही तरी हृदय, मूत्रपिंड आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आतून खराब होत राहतात. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी तो मोजून घ्यावा. औषध चालू असलेल्यांनी "आता मीठ कमी केले" म्हणून गोळी मनाने बंद करू नये.

आणखी एक गोष्ट पडद्यावर दिसत नाही. ती म्हणजे हात धुणे. अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २४ नामवंत शेफचे १०० कार्यक्रम तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. कच्च्या मांसाला हात लावल्यावर हात न धुता पुढचे काम करताना त्यांना बरेच शेफ आढळले. कदाचित ते दृश्य संकलनात कापले जात असेल, पण पाहणारा जे पाहतो तेच शिकतो. कोंबडी किंवा मासळी चिरलेल्या पाटावर आणि सुरीने कोशिंबिरीचा कांदा चिरू नये. दोन पाट ठेवावेत, नाहीतर मध्ये साबणाने धुवावेत. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर जुलाब-उलट्यांचे जे रुग्ण येतात, त्यांतले काही एवढ्यानेच टळतील.

मग कार्यक्रम पाहायचे की नाहीत? जरूर पाहा. फक्त पुढील गोष्टी सांभाळा.

१. कृती पडद्याची घ्या, माप घरचे ठेवा. वरची पनीरची भाजी एक मोठा चमचा तेल, क्रीमऐवजी अर्धी वाटी दूध आणि कांदा-टोमॅटो नीट परतून करून पाहा. वरून घातलेला स्निग्धांश माणशी ५ ग्रॅमच्या आत येतो. चवीसाठी कसुरी मेथी हातावर चुरडून घाला.

२. तेल बाटलीतून थेट ओतू नका. चमच्याने मोजा. बैठे काम असलेल्या चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला अडीच ते तीन किलो तेल-तूप पुरले पाहिजे, लोणीही त्यातच धरा.

३. मिठाच्या पुडीवर आणल्याची तारीख लिहा. चार मोठ्या माणसांच्या घरात एक किलोची पुडी किमान ५० दिवस चालली पाहिजे. लोणची, पापड, खारी मासळी घरात असेल तर त्याहूनही जास्त.

४. सॉस, चीज किंवा तयार मसाला घातला असेल तर मीठ शेवटी, चाखून आणि नेहमीच्या निम्मे घाला.

५. लोणी-क्रीमचा पदार्थ महिन्यातून एकदोनदा, पाहुणे आले की करा. सण रोज आला तर तो सण राहत नाही.

६. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी बाजारातले 'कमी सोडियमचे मीठ' डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यात पोटॅशियम असते आणि ते अशा रुग्णाला बाधू शकते.

शेवटी एक चाहता म्हणून माझी मागणी. कोणी तरी मोठ्या शेफने कॅमेऱ्यासमोर आपल्याकडचे कडवे वाल सोलावेत, अलिबागचा पांढरा कांदा चिरावा, तांदळाच्या भाकरीबरोबर जिताड्याचे कालवण करावे आणि प्रत्येक चमचा मोजून दाखवावा. माणशी किती तेल, किती मीठ, हे पडद्याच्या कोपऱ्यात लिहावे. असा कार्यक्रम लागला तर मी दवाखाना अर्धा तास उशिरा उघडेन. तोवर मोजण्याचे काम आपल्यालाच करायचे आहे. त्याला फार काही लागत नाही. मिसळणाच्या डब्यात असतो तेवढा एक छोटा चमचा पुरे.