संशोधन आणि शाळा: काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

शिक्षक-प्रशिक्षणाच्या हॉलबाहेर जेवणाच्या सुट्टीत कान दिला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'हे सगळं एसीत बसून लिहिलेलं, आमच्या वर्गात काय कामाचं!' साहेबांच्या टेबलावरचं वाक्य वेगळं असतं: 'संशोधनानं सिद्ध झालंय हो, शिक्षकच राबवत नाहीत.' दोघं एकमेकांकडे बोट दाखवत असले तरी दोघांची मूळ समजूत सारखीच असते. संशोधन वर कुठंतरी तयार होतं आणि मग खाली वर्गात उतरवायचं असतं, असं दोघंही धरून चालतात. या एका समजुतीतून बाकीचे बरेच गैरसमज निघाले आहेत.

'एसीत बसून लिहिलेलं'

शालेय शिक्षणावरच्या ज्या संशोधनाची आज जगभर चर्चा होते, त्यातला एक मोठा धागा मुंबई महापालिकेच्या शाळांमधून निघतो. १९९० च्या दशकात माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईत 'प्रथम' संस्था उभी केली. तिचा एक कार्यक्रम होता बालसखी. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी, महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन, सुरुवातीला दोनेक आठवड्यांचं प्रशिक्षण. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वर्गाबाहेर काढायची आणि जिथं ती अडली आहेत तिथपासून त्यांना शिकवायचं. काही वेळा व्हरांड्यात, जागा मिळेल तिथं.

हे काम चालू असताना अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात त्याची तपासणी केली. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे तुलना चोख व्हावी. चाचण्यांमधली सरासरी वाढ पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन (गुणांचा विखुरलेपणा मोजणारं माप) इतकी भरली. एवढ्या स्वस्तातल्या कार्यक्रमासाठी हा आकडा लहान नाही. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कल्पना वस्तीतली होती, मोजमाप विद्यापीठातलं होतं. इथं कोणी कोणाला 'खाली' काही उतरवून दिलं नव्हतं.

'पट कमी करा, बाकी आपोआप होईल'

याच अभ्यासात एक निष्कर्ष आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. बालसखीकडे मुलं गेली की मूळ वर्गात उरलेल्यांचा पट आपोआप कमी व्हायचा. बाईंना तेवढा वेळ कमी मुलं, म्हणजे या उरलेल्या मुलांचंही काहीतरी भलं व्हायला हवं होतं. झालं नाही. फायदा झाला तो बालसखीकडे गेलेल्यांचा. शिकवणं तेच, पुस्तक तेच आणि वेगही तोच राहिला, तर पंधरा मुलं कमी झाल्यानं फरक पडत नाही. साठ-सत्तरचा पट चालवून घ्यावा, असा याचा अर्थ कोणी काढू नये. एकाच बाईंकडे चार इयत्ता असतात तिथं दुसरा शिक्षक हवाच. पण पट कमी झाल्यावर शिकवण्यात काय बदललं, हा प्रश्न उरतोच.

'सिद्ध झालंय ना, मग प्रशिक्षण द्या आणि राबवा'

हा सगळ्यात महागडा गैरसमज. 'प्रथम'लाही त्याची किंमत मोजावी लागली, आणि त्यांनी ती उघडपणे मांडली, हे त्यांचं मोठेपण.

पातळीनुसार शिकवण्याची ही पद्धत सरकारी शाळांत न्यायची म्हणून बिहार आणि उत्तराखंडमध्ये वेगवेगळे पर्याय करून पाहिले गेले. बिहारमध्ये काही शाळांना फक्त साहित्य दिलं, काहींना साहित्य आणि शिक्षक-प्रशिक्षण. निकालात म्हणावा असा फरक नाही. जिथं जोडीला गावातले स्वयंसेवक शाळेबाहेर मुलांना घेऊन बसले, तिथं मुलं पुढं सरकली. उत्तराखंडमध्ये स्वयंसेवक दिले, पण शाळांनी त्यांना रिकाम्या जागेवरचे शिक्षक म्हणून वापरून टाकलं. तेही पाठ्यपुस्तक पुढं ढकलू लागले आणि परिणाम शून्य झाला. आपल्याकडच्या कोणत्याही मुख्याध्यापकाला यात नवल वाटणार नाही. माणूस हाताशी आला की तो आधी रिकाम्या वर्गावर जातो.

मग सरकारी शिक्षकांना ही पद्धत जमतच नाही का? इथं बिहारमधलीच दुसरी गोष्ट कामी येते. २००८ च्या उन्हाळ्यात तिथल्या सरकारी शिक्षकांनी महिनाभराच्या शिबिरांमध्ये हीच पद्धत वापरली आणि मुलं शिकली. प्रशिक्षणही तशाच पद्धतीचं. फरक एवढाच, की शिबिरात पाठ्यपुस्तक पूर्ण करण्याचा तगादा नव्हता. शाळा पुन्हा सुरू झाली की टाचण, मासिक नियोजन आणि पोर्शन पुन्हा मानगुटीवर बसतो आणि शिक्षक जे येतं तेही बाजूला ठेवतो. शिक्षकाची इच्छा किंवा कुवत हा प्रश्न नव्हताच. तो वेळापत्रकाचा होता.

हरियाणात २०१२-१३ मध्ये हा धडा लक्षात घेऊन मांडणी बदलली. शाळेच्या दिवसात या कामासाठी वेगळा तास. त्या तासाला मुलं इयत्तेनुसार न बसवता वाचनाच्या पातळीनुसार बसवायची. आणि तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: ज्या पर्यवेक्षकांनी शिक्षकांना मार्गदर्शन करायचं, त्यांनी आधी स्वतः पंधरा-वीस दिवस वर्ग घेतला. या वेळी शिक्षक नियमित होते, शाळाही नेहमीच्याच, आणि तरी हिंदी वाचनात वाढ दिसली. उत्तर प्रदेशात २०१३-१४ मध्ये 'प्रथम'च्या माणसांनी शाळेतच दहा किंवा वीस दिवसांची शिबिरं टप्प्याटप्प्यानं घेतली, तिथली वाढ तर ०.६ ते ०.७ प्रमाण विचलनापर्यंत गेली.

बालसखीपासून उत्तर प्रदेशपर्यंत मूळ पद्धत एकच होती. कोण शिकवणार, कधी शिकवणार आणि चुकलं तर शेजारी कोण बसणार, यावर निकाल बदलत गेला. 'ही पद्धत चालते का' हा प्रश्न म्हणूनच अर्धवट ठरतो.

'वाचनाचं शास्त्र जगभर एकच'

गेल्या काही वर्षांत इंग्रजी वाचनावरची पुस्तकं आणि त्यांवरची प्रशिक्षणं आपल्याकडे बरीच आली. त्यातलं बरंच उपयोगी आहे, पण लिपीचं काय? इंग्रजीत सव्वीस अक्षरं, अडचण उच्चारांची. मराठीत चौतीस व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी. नुसता गुणाकार केला तरी चारशेवर रूपं होतात आणि जोडाक्षरं अजून बाजूलाच आहेत. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवरच्या २००७ च्या अभ्यासात दाखवलं, की अशा लिपीतली अक्षरं पक्की व्हायला पहिली-दुसरी पुरत नाही, हे शिकणं चौथीपर्यंतही चालू राहतं.

म्हणून तिसरीतलं मूल 'मगर' धडाधड वाचतं आणि 'कुलूप' आलं की 'क... ल... प' करत थांबतं, तेव्हा ते 'ढ' नसतं. ते मात्रांपाशी अडलेलं असतं. त्याला पुन्हा 'अ'पासून मुळाक्षरं घोकायला लावणं म्हणजे आलेल्या गोष्टीवरच आणखी वेळ घालवणं.

या प्रश्नावर मराठीतच काम झालं आहे. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातल्या मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरच्या कन्नड शाळांमधल्या मुलांचा पहिलीपासून तीन वर्षं मागोवा घेतला. फळ्यावरून उतरवून घेणं म्हणजेच लेखन, हे वर्गावर्गांत दिसलेलं चित्र त्यात सविस्तर आलं आहे. त्याच पालघर भागात नीलेश निमकर यांची 'क्वेस्ट' ही संस्था अंगणवाडी आणि प्राथमिक शाळांसोबत वर्षानुवर्षं काम करते आहे. आणि फलटणला मॅक्सिन बर्नसन यांचं काम आहेच. फलटणच्या मराठी बोलीवर अमेरिकेतल्या विद्यापीठाची पीएचडी केलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाई अनेक वर्षं तिथं राहिल्या, भारतीय नागरिक झाल्या आणि ज्या मुलांना शाळेत वाचता येत नव्हतं, त्यांच्यासोबत बसून १९८० च्या दशकात त्यांनी प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभं केलं. त्याआधी चार दशकं, १९४५ पासून, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीत आणि पुढं कोसबाडला हेच करत होत्या. मुलं गुरं घेऊन कुरणात जातात म्हटल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. 'संशोधक वेगळा, शिक्षक वेगळा' हा भेद या मंडळींना कोणी शिकवलाच नसावा.

जाता जाता आणखी एक. दृश्य, श्राव्य आणि कृतीतून शिकणारी अशी मुलांची तीन प्रकारांत वाटणी करून त्या त्या शैलीत शिकवा, असं अजूनही प्रशिक्षणांत सांगितलं जातं. पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध अभ्यास चाळून पाहिले, तेव्हा अशा वाटणीनं शिकणं सुधारतं याला पुरेसा पुरावा सापडला नाही. चित्रं, गाणी, कृती जरूर वापरा. सगळ्याच मुलांसाठी वापरा.

हरियाणातल्या पर्यवेक्षकांसारखा, शाळा आणि वरची यंत्रणा यांना जोडणारा माणूस महाराष्ट्रात नव्यानं शोधायची गरज नाही. केंद्रप्रमुखाचं पद त्यासाठीच आहे. पण जिथं पद भरलेलं आहे, तिथंही त्याचा दिवस लिंक भरून घेण्यात, माहिती वर पाठवण्यात आणि प्रभारी कामांत जातो. महिन्याच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचून दाखवली जातात. ती व्हॉट्सॲपवर आधीच आलेली असतात. तेव्हा अधिकाऱ्यांना एवढीच विनंती: पुढच्या नव्या उपक्रमाचा अहवाल शिक्षकांकडून मागवण्याआधी केंद्रप्रमुखांना त्या उपक्रमाचा वर्ग पंधरा दिवस स्वतः घेऊ द्या, आणि तेवढे दिवस त्यांच्याकडे दुसरी कोणतीही माहिती मागू नका.