गाळणीने कोणत्या बाजूला चुकावे?
नकोशा टपालाची गोष्ट : लेखांक 5

मागच्या लेखांकात स्पॅमचा जन्म पाहिला. 1978 मध्ये डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीच्या एका विक्री अधिकाऱ्याने इंटरनेटच्या पूर्वावतार असलेल्या अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना एकच जाहिरात धाडली आणि फुकटात हजारोंच्या दारात जाता येते, हे सगळ्यांच्या लक्षात आले. आता स्पॅमला अडवणाऱ्या गाळणीकडे वळू. गाळणीची तारीफ करताना ती किती कचरा अडवते, एवढेच सांगितले जाते. माझ्या मते तिची पारख दुसऱ्याच आकड्यावर व्हायला हवी : अडवलेल्या ढिगात खरी पत्रे किती गेली? चूक होणारच असेल, तर गाळणीने कचरा आत येऊ देण्याच्या बाजूला चुकावे.

थोडा हिशेब करू. समजा रोज शंभर ईमेल येतात, त्यांतली ऐंशी स्पॅम आणि वीस खरी. गाळणी दोन्ही प्रकारांत 99 टक्के अचूक आहे. म्हणजे दिवसाला सरासरी एखादे स्पॅम आत शिरेल, ते दिसेल आणि दोन सेकंदांत पुसले जाईल. पण वर्षभरात येणाऱ्या 7,300 खऱ्या पत्रांपैकी 73 हरवतील. त्यांत नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे असेल, लांबच्या नातेवाइकाची चौकशी असेल, एखाद्या वाचकाने मनापासून लिहिलेले चार शब्द असतील. पहिली चूक ज्याच्या वाट्याला येते त्याला ती कळते. दुसरी कोणालाच कळत नाही : लिहिणाऱ्याला वाटते, समोरच्याने उत्तर देण्याचे टाळले, ज्याला लिहिले त्याला वाटते, कोणी लिहिलेच नाही. शिवाय गाळणी शिकते ती आपण केलेल्या दुरुस्त्यांवरून. आत आलेला कचरा आपण रोज ‘स्पॅम’ म्हणून दाखवून देतो, हरवलेले पत्र मात्र क्वचितच कोणी उकरून काढतो. एकाच बाजूची तक्रार कानावर पडत राहिली, की गाळणी आपोआप कडक होत जाते. म्हणून दुसरी बाजू मुद्दाम, रचनेतच सांभाळावी लागते.

सुरुवातीच्या गाळण्या शब्दांच्या याद्यांवर चालत. 1996 मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांना एओएल या इंटरनेट सेवेवर खाते उघडता येईना, कारण गावाच्या नावात एक शिवी दडलेली होती. पुढे ‘सियालिस’ या औषधाच्या जाहिरातींचा पूर आला, तेव्हा ते नाव यादीत टाकणाऱ्या गाळण्यांना ‘स्पेशालिस्ट’ हा सरळ शब्दही खुपू लागला, कारण इंग्रजी स्पेलिंगमध्ये तीच अक्षरे ओळीने येतात. ऑगस्ट 2002 मध्ये प्रोग्रॅमर पॉल ग्रॅहम यांनी वेगळी वाट सांगितली. यादी माणसाने करायचीच नाही. आपली खरी पत्रे आणि आपले स्पॅम असे दोन ढीग गाळणीपुढे ठेवायचे, आणि कोणता शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो ते तिलाच मोजू द्यायचे. नवे पत्र आले, की त्यातले सर्वांत बोलके पंधरा शब्द निवडून अठराव्या शतकातल्या थॉमस बेज यांच्या सूत्राने संभाव्यता काढायची. त्यातून निघालेली माहिती कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. भडक लाल रंगाचा संगणकीय संकेत ‘एफएफ0000’ हा अश्लील शब्दांइतकाच स्पॅमचा पक्का पुरावा ठरला, तर ‘टुनाइट’सारखा साधा शब्द पत्राच्या खरेपणाची साक्ष देऊ लागला. मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची आणखी एक तरतूद : खऱ्या पत्रांतल्या शब्दांची मोजणी त्यांनी दुप्पट धरली. हिशेबाचा काटा त्यांनी जाणूनबुजून खऱ्या पत्राच्या बाजूला झुकवला. त्यांच्या चाचणीत हजारी पाचापेक्षा कमी स्पॅम निसटले आणि खरे पत्र एकही अडकले नाही.

यावर आजचा आक्षेप गंभीर आहे. तेव्हाचे स्पॅम औषधे विकत होते, आता ते घर धुऊन नेते. अशा वेळी एक निसटू देणेही महागात पडेल, म्हणून गाळणी कडकच हवी. धोका खरा आहे, पण उपाय चुकीच्या जागी लावला जातो आहे. ‘तुमचे मागील महिन्याचे वीजबिल अपडेट झालेले नाही, आज रात्री साडेनऊला वीजपुरवठा खंडित होईल’ हा महाराष्ट्रात असंख्य मोबाइलवर येऊन गेलेला मजकूर पाहा. त्यातला एकही शब्द संशयास्पद नाही. थकबाकीदाराला महावितरण ही वीज कंपनीही साधारण अशाच शब्दांत कळवते. शब्दांवरून हा मजकूर अडवायला निघालो, तर खरी बिलाची सूचनाही अडेल आणि दिवे जातील ते प्रामाणिक ग्राहकाच्या घरचे. इथे पुरावा मजकुरात नाही, तो पाठवणाऱ्यात आहे : असा संदेश साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून येतो, संस्थेच्या नोंदणीकृत नावाने येत नाही. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या 2018 च्या नियमांनी व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्याला नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवायला लावले, ते याच विचाराने. 2024 पासून गूगलने जीमेलवर रोज पाच हजारांहून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना स्वतःची ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करण्याची सक्ती केली, तीही त्यासाठीच. आणि पैशाची वाट? कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये एका बॉटनेटमधून, म्हणजे मालकांच्या नकळत ताब्यात घेतलेल्या संगणकांच्या जाळ्यातून, औषधांच्या जाहिरातीचे सुमारे 35 कोटी ईमेल गेलेले मोजले. त्यांतून विक्री झाली 28 वेळा. त्यांच्यातल्याच काहींच्या 2011 च्या अभ्यासात दिसले, की स्पॅममधून खपणाऱ्या औषधे, बनावट वस्तू आणि सॉफ्टवेअरपैकी 95 टक्के मालाचे पैसे अवघ्या तीन बँकांतून फिरत होते. कोट्यवधी पत्रे वाचत बसण्यापेक्षा त्या तीन खिडक्यांवर पहारा बसवणे सोपे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा : ढिगात हात घालून खरे पत्र शोधायला वेळ कोणाला आहे? जीमेलचा स्पॅमचा कप्पा तीस दिवसांनी आपोआप रिकामा होतो आणि बहुतेक जण तो उघडतही नाहीत. म्हणूनच मला मूकपणे बाजूला टाकण्यापेक्षा उघड नकार बरा वाटतो. ईमेलच्या मूळ रचनेत त्याची सोय आहे. दोन सर्व्हरांचे बोलणे चालू असतानाच घेणाऱ्याने ‘स्वीकारत नाही’ म्हटले, तर खऱ्या लेखकाला त्याचाच सर्व्हर पत्र परत आल्याचे कळवतो. तो फोन तरी करू शकतो. यामुळे ठगालाही सुगावा लागेल, अशी भीती दाखवली जाते. पण ठग आपली पत्रे स्वतःच्याच खात्यांवर पाठवून आधीच पारखून घेऊ शकतो. मौन पाळून फसवणूक होते ती साध्या माणसाचीच.

मराठीत लिहिणाऱ्यांना हा प्रश्न जास्त जवळचा आहे. ग्रॅहम यांच्या पद्धतीत गाळणीने कधीच न पाहिलेल्या शब्दाला 0.4 गुण मिळतात, म्हणजे तो जवळजवळ तटस्थ राहतो. ज्याच्या ढिगात मराठी पत्रे आहेत त्याची स्वतःची गाळणी मराठी शिकेल. पण सगळ्यांसाठी एकच असलेली आणि मुख्यतः इंग्रजीवर पोसलेली गाळणी देवनागरीतले दोन पानी पत्र आले तर निकाल देणार कशावरून? पत्रातली लिंक, एखादा इंग्रजी शब्द, पाठवणाऱ्याचा पत्ता, एवढ्याच गोष्टींवरून. बाकीची दोन पाने तिच्यापुढे साक्षच देत नाहीत. रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीची गत आणखी वाईट, कारण ‘आहे’ हा एकच शब्द चार जण चार स्पेलिंगांनी लिहितात. गूगलने 2015 मध्ये सांगितले होते, की जीमेलमध्ये हव्या असलेल्या पत्रांपैकी स्पॅमच्या कप्प्यात जाणाऱ्यांचे प्रमाण 0.05 टक्क्यांहून कमी आहे. आकडा चांगला आहे, आणि दिला हेही चांगले केले. पण ती सरासरी आहे, आणि जगभरच्या पत्रव्यवहारात मराठीचा वाटा इतका लहान, की इथली प्रत्येक दहावी चिठ्ठी हरवली तरी त्या सरासरीवर ओरखडाही उमटणार नाही. हा आकडा भाषेनुसार वेगळा मोजून जाहीर करायला गाळणी चालवणाऱ्यांना सांगितले पाहिजे, आणि ते सांगण्याचा अधिकार ‘ट्राय’सारख्या नियामकाला देता येण्याजोगा आहे.