चाळिशीनंतर वाढणारं पोट: वजनकाट्यासोबत टेपही हातात घ्या

आमच्याकडे चाळिशी ओलांडलेल्या बाईचं अंग सुटायला लागलं की लोक दोनच निष्कर्ष काढतात. एक, "बसून खाते." दुसरा, "थायरॉइड असेल." वाशिम असो, कारंजा असो की मंगरूळपीर, लग्नाच्या मांडवात हे ऐकू येतंच. मग ती बाई काय करते? सकाळचा नाश्ता बंद करते, रात्री अर्धी भाकर खाते, कुणीतरी सांगितलेली पावडर गरम पाण्यात घेते. तीन महिन्यांनी कंबर तेवढीच, वर अशक्तपणा आणि चिडचिड. आम्ही शाळेत शिकवणाऱ्या बायका, आमच्यातल्या बऱ्याच जणी आता याच वयात आहेत. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ या.

पाळी कायमची बंद होण्याआधी काही वर्षांचा एक मधला काळ असतो. डॉक्टर त्याला रजोनिवृत्तीपूर्व काळ म्हणतात, घरात आपण "पाळी जायची वेळ" म्हणतो. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे. म्हणजे हा मधला काळ बऱ्याच जणींना चाळिशीच्या सुरुवातीलाच गाठतो. पाळी कधी सात-आठ दिवस आधी येते, कधी दोन महिने येत नाही. रात्री अंगातून वाफा निघतात, झोप मोडते, मन ताळ्यावर राहत नाही. सलग १२ महिने पाळी आली नाही, तरच ती "गेली" असं समजायचं. त्याआधी गर्भ राहू शकतो, हे लक्षात असू द्या. ४३-४४ व्या वर्षी पाळी चुकली की "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, आधी तपासणी करा.

आता वजनाचं बघू. अमेरिकेत १९९० च्या दशकात "स्वान" नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. वेगवेगळ्या वंशांच्या हजारो स्त्रियांची वर्षानुवर्षं मोजमापं घेतली गेली. २०१९ मध्ये त्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. या काळात वजन एकदम उसळी मारत नाही, ते आधीसारखंच हळूहळू वाढत राहतं. पण शरीराच्या आत मोठा बदल होतो. शेवटच्या पाळीच्या साधारण दोन वर्षं आधीपासून चरबी वाढण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो, आणि त्याच वेळी स्नायू कमी व्हायला लागतात. चरबी वाढली आणि स्नायू घटले, तर काट्यावरचा आकडा फारसा हलत नाही. ब्लाउज मात्र कमरेला आवळतो.

याचं कारण हार्मोनमध्ये आहे. इस्ट्रोजेन पुरेसं असतं तोवर बाईची चरबी जास्त करून मांड्या आणि नितंबांवर साठते. ते घटलं की चरबी पोटाकडे सरकते, आतड्यांभोवती आणि यकृताजवळ बसते. त्यात वयानुसार स्नायू कमी झालेले असतात आणि स्नायू कमी म्हणजे शरीराची खर्चाची बाजू कमी. कालपर्यंत पचत होतं तेवढंच जेवण आज थोडं उरतं आणि साठतं. झोप अर्धवट झाली की दुसऱ्या दिवशी गोड-तळलेलं जास्त खावंसं वाटतं, तो भाग वेगळा. म्हणजे बाई आळशी झालेली नाही, तिच्या शरीराचा हिशेब बदललेला आहे.

मग "वयाचं आहे, चालायचंच" म्हणून सोडून द्यायचं का? नाही. पोटातली चरबी नुसती बसून राहत नाही. तिच्यामुळे मधुमेह, रक्तदाब, यकृतातली चरबी आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २०१९-२१ चे आकडे पाहा. १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी उंचीच्या मानाने वजन जास्त असलेल्या २४ टक्के होत्या. पण कंबर आणि नितंबांचं प्रमाण धोक्याच्या पातळीवर असलेल्या जवळपास ५७ टक्के! म्हणजे नुसत्या काट्यावर विसंबलं तर अर्ध्याहून जास्त धोका नजरेतून सुटतो.

म्हणून शिवणाच्या डब्यातला टेप काढा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या बरोबर मधे टेप धरा. श्वास सोडा, पोट आत ओढू नका आणि आकडा लिहा. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही मर्यादा मानली जाते. घरोघरी येणाऱ्या आशाताईंकडे तिशीच्या पुढच्या लोकांसाठी जो फॉर्म असतो, त्यातही कमरेचं माप विचारलेलं असतं आणि ८० च्या वर गेलं की गुण वाढतात. आशाताई आल्या तर "आम्हाला काही नाही" म्हणून दारातून परत पाठवू नका. फॉर्म भरून घ्या आणि आरोग्य केंद्रात जाऊन साखर आणि रक्तदाब तपासून घ्या.

आता ताटाकडे वळू. सर्वात मोठी अडचण उपाशी राहण्यात आहे. कमी खाऊन वजन उतरवलं तर चरबीसोबत स्नायूही जातात, आणि आपल्याला नेमके तेच वाचवायचे आहेत. त्यासाठी प्रोटीन लागतं. साधारण हिशेब असा, वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८ ग्रॅमपेक्षा थोडं जास्त. ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. आपल्या घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर बाईच्या वाट्याला रस्सा आणि भाकर उरते. गोश्ताच्या बोट्या आधीच संपलेल्या असतात, वरणाचा फक्त वरचा पातळ भाग राहिलेला असतो. मग ५० ग्रॅम कुठून भरणार?

एक अंडं म्हणजे ६ ग्रॅम. एक वाटी घट्ट वरण म्हणजे ६ ते ७ ग्रॅम. मूठभर फुटाणे ६ ग्रॅमच्या आसपास. आणि आपल्या जिल्ह्याचं मुख्य पीक सोयाबीन, त्यात शंभर ग्रॅममागे ३५ ग्रॅमपेक्षा जास्त प्रोटीन असतं. पोतीच्या पोती आपण बाजार समितीत नेऊन घालतो, घरच्या डब्यात मात्र चार दाणे ठेवत नाही. नऊ किलो गव्हात एक किलो सोयाबीन टाकून दळण आणलं तरी पोळीची चव बिघडत नाही. फक्त सोयाबीन कच्चं दळायचं नाही, आधी उकळून वाळवायचं किंवा चांगलं भाजायचं, नाहीतर ते पचत नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोयाबीन यांच्यात काही तासांचं अंतर ठेवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रोटीन किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

कमी काय करायचं? पहिला नंबर चहाचा. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी. एवढ्या खर्च करायला पाऊण तास चालावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवलेली बरी. एकदम बंद करायला जाऊ नका, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जिभेला कळतही नाही. दुसरा नंबर तेलाचा. माणशी दिवसाला चार-पाच चहाचे चमचे तेल पुरतं. पाच माणसांच्या घराला महिन्याला साधारण तीन किलो. आपल्या घरी किती डबे लागतात ते किराण्याच्या वहीत सापडेल.

रमजानचं वेगळं सांगायला हवं. रोजे ठेवूनही ईदपर्यंत वजन वाढलं, असं बऱ्याच जणी सांगतात. त्यात रोज्याचा दोष नाही. इफ्तारला भजी, समोसे, गोड सरबत आणि त्यावर रात्रीचं पूर्ण जेवण, शिवाय तरावीहनंतरचा चहा, हा त्याचा परिणाम. खजूर, पाणी, फळ आणि वाटीभर चणे यांनी इफ्तार केला, तळलेलं आठवड्यातून एक-दोनदाच ठेवलं आणि सहरीला अंडं किंवा वरण घेतलं तर महिना हलका जातो. ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी रमजान लागण्याआधीच डॉक्टरांकडून औषधाच्या वेळा ठरवून घ्याव्यात.

हालचालीचं म्हणाल तर "दिवसभर घरचं काम करतो, ते काय कमी आहे?" हे आम्हीही म्हणतो. काम होतंच, आणि शेतात सोंगणी, निंदण करणाऱ्या बहिणींना तर चालायला सांगणं म्हणजे थट्टाच होईल. त्यांच्या ताटात आधी प्रोटीन पाहिजे. पण ज्यांचा दिवस शिलाई मशीनवर, खुर्चीवर किंवा ओट्यापाशी जातो, त्यांनी आठवड्यात किमान १५० मिनिटं भराभर चालावं. म्हणजे पाच दिवस अर्धा तास. इतकं भराभर की बोलता येईल, गाणं म्हणता येणार नाही. रस्त्यावर संकोच वाटत असेल तर गच्ची आहे, अंगण आहे, मोहल्ल्यातल्या चार जणींचा गट आहे. उन्हाळ्यात फजरनंतरची वेळ सगळ्यात बरी.

पण चालण्याने स्नायू फारसे वाढत नाहीत. त्यासाठी आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम लागतो. जिमची गरज नाही. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा. भिंतीला हात टेकवून दहा वेळा पुढे-मागे व्हा. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या खांद्याच्या वर उचला. जड वाटेनासं झालं की संख्या वाढवा. नमाजच्या रुकू-सजद्यांनी सांधे मोकळे राहतात, त्याच्या जोडीला हे करायचं आहे. गुडघे दुखत असतील तर उंच खुर्चीपासून सुरुवात करा.

उद्दिष्ट लग्नाच्या वेळच्या वजनाचं ठेवू नका. ७० किलोच्या बाईने साडेतीन किलो उतरवले, तरी साखर आणि रक्तदाबावर चांगला परिणाम दिसू लागतो. झटपट बारीक करणाऱ्या पावडरी आणि नाव-गाव नसलेली "देशी" औषधं घेऊ नका, त्यात काय मिसळलेलं आहे ते कुणी सांगत नाही. हार्मोनच्या गोळ्या वजन उतरवण्यासाठी नसतात. अंगाच्या वाफा, झोप यांचा फार त्रास असेल तर त्यांचा विचार डॉक्टर करतात. सध्या गाजत असलेली वजनाची इंजेक्शनंही डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत. वजन भराभर वाढतंय, सोबत थंडी जास्त वाजते, बद्धकोष्ठता आहे, तर थायरॉइडची तपासणी जरूर करा. तपासल्याशिवाय मात्र त्याला दोष देऊ नका.

शेवटची गोष्ट सर्वात महत्त्वाची. या वयात अनियमित रक्तस्राव होतो आणि आपल्याकडे तो आधी मसअल्याचा प्रश्न बनतो. नमाज पढायची की नाही, रोजा धरेल की नाही. आलिमांना जरूर विचारा. पण हाच प्रश्न डॉक्टरांकडेही घेऊन जा. तासातासाला पॅड बदलावं लागणं, मोठ्या गाठी पडणं, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं, आणि वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसणं, यातलं काहीही झालं तर थांबू नका. वजन जास्त असलेल्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो. आपल्या बायका नमाज-रोज्यासाठी दिवसांची मोजणी ठेवतातच. तीच मोजणी तारखेसह वहीत लिहिली तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

आणि कुणी पहिल्याच भेटीत "पिशवी काढून टाका" म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे आलेलं चित्र विसरता येत नाही. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. अंडाशयही काढले की पाळी जाण्याचा काळ एका दिवसात अंगावर येतो, हाडं आणि हृदय यांना त्याची किंमत मोजावी लागते. काही आजारांत ही शस्त्रक्रिया खरंच लागते, पण ती तपासणीनंतर, समजून-उमजून व्हावी.

घरातल्या पुरुषांना आणि मुलांना आमचं एवढंच सांगणं आहे. अम्मीच्या अंगावर बोलण्याआधी तिच्या ताटात काय उरतं ते पाहा. संध्याकाळचा अर्धा तास तिला कामातून मोकळा करून द्या. आणि भगिनींनो, या जुम्याला टेप काढा, आकडा लिहा, आशाताईंना निरोप द्या. महिन्याने पुन्हा मोजा. आकडा एक सेंटिमीटरने जरी खाली आला, तरी तुमची दिशा बरोबर आहे.