टांकसाळचिन्हाचा स्थानभेद आणि टंकनदोष

वाशीम जिल्ह्यांतील रिसोड येथें एका जुन्या घरच्या पेटींतील रुपये पाहण्याचा योग आम्हांस आला. घरधन्यांनीं त्यांच्या दोन राशी केल्या होत्या. पहिलींत चार रुपये होते. त्यांवर टांकसाळीची खूण चुकली असल्यानें ते दुर्मिळ आहेत, असें कोणा व्यापाऱ्यानें सांगितल्यावरून ते जपून ठेविले होते. दुसरींत बाकीचे, ते चांदीच्या भावानें मुशींत जावयाचे होते. परीक्षेअंतीं हा निवाडा जवळजवळ उलटा करावा लागला. तो कां, हें येथें सांगावयाचें आहे. कारण अशा चुकीनें एका घराचें नुकसान होऊन भागत नाहीं, इतिहासाचें साधनच नष्ट होतें.

प्रथम शब्दांचे अर्थ निश्चित करूं. खूण नेहमींच्या जागीं वा नेहमींच्या रूपांत नसली, तर तीन कारणें संभवतात. ठशांतच ती तशी खोदलेली असेल, तर त्या ठशाचें प्रत्येक नाणें तसेंच निघेल. यास आम्ही प्रकारभेद म्हणतों. ठसा बरोबर असून चकती सरकली, किंवा ठशाचा खळगा मळानें बुजला, तर तो टंकनदोष. नाणें टांकसाळीबाहेर पडल्यावर कोणी कानस चालविली, वा डाख देऊन कडी लाविली, तर तें केवळ विकृत नाणें. पोथ्यांच्या संग्राहकांस हा विवेक नवा नाहीं. पाठभेद निराळा, लेखकाचा हस्तप्रमाद निराळा, आणि वाळवीनें खाल्लेलें अक्षर त्याहून निराळें.

हातघडणीच्या नाण्यांविषयीं विशेष सावधगिरी पाहिजे. पेशवाईंतील अंकुशी रुपयाचा ठसा चकतीपेक्षां मोठा असे. त्यामुळें मोगल बादशहाच्या नांवाचा फारसी लेख एका नाण्यावर पुरा क्वचितच उमटतो, आणि अंकुश कधीं पुरा, कधीं कडेस अर्धा कापलेला आढळतो. त्यावरून घाव कोठें बसला एवढेंच कळतें. त्यास भेद म्हणणें युक्त नाहीं. म्हणून खुणेचें अंतर नाण्याच्या कडेपासून मोजूं नये, शेजारच्या अक्षरांपासून मोजावें. घाव सरकला तर खूण व अक्षरें मिळून सरकतात. अक्षरें जागीं असून खूण तेवढी सरली असेल, तरच तो भेद ठशांतला.

यंत्रानें पाडलेल्या रुपयांसहि हाच नियम लागू आहे. १८८० नंतरच्या दशकांतील व्हिक्टोरिया राणीच्या रुपयांवर मागील बाजूस तळाशीं मुंबईचा ‘बी’ कोठें उठावाचा, कोठें खोलगट आढळतो. नाण्यावर अक्षर खोलगट उमटावयाचें तर ठशावर तें उंच असावें लागतें. तें आपोआप घडत नाहीं. अर्थात् हा हेतुपूर्वक केलेला प्रकारभेद होय. पहिल्या राशींतील तीन रुपये याच वर्गांतले निघाले. चौथ्यावर ‘बी’ नव्हताच. परंतु भिंगाखालीं त्या जागीं कानशीच्या समांतर रेघा दिसल्या. टांकसाळीनें खूण चुकविली नव्हती. कोणी तरी ती मागाहून पुसली होती.

चिन्ह नसणें हाहि आपल्याकडे एक संकेत आहे, आणि खरी अडचण येथेंच आहे. पंचम जॉर्जच्या रुपयांवर मुंबईनें तळच्या कमळाजवळ उठावाचा बारीक ठिपका दिला, कलकत्त्यानें कांहींच दिलें नाहीं. आजहि मुंबईच्या नाण्यावर सालाखालीं चौकट, हैदराबादच्या नाण्यावर तारा व नोएडाच्या नाण्यावर ठिपका असून कोलकात्याचें नाणें चिन्हरहित असतें. म्हणून मुंबईच्या ठशांतील ठिपक्याचा खळगा बुजला, तर तें नाणें कलकत्त्याचें भासेल. अमेरिकेंत १९२२ सालचे सेंट एकट्या डेन्व्हरच्या टांकसाळींत पाडले गेले. तरीहि त्यांतील कांहींवर तिचा ‘डी’ दिसत नाहीं. त्या सालीं सेंट पाडणारी दुसरी टांकसाळच नव्हती, म्हणून दोष ओळखतां आला. आपल्याकडे असा आधार नाहीं. तेथें आसपासची नक्षी पाहावी. ती मंद असेल तर ठसा बुजल्याचा संशय धरावा. ती स्वच्छ असून ठिपका नसेल, तर कलकत्त्याचा पक्ष बळावतो.

आतां दुसरी रास. तींत १८६२ सालचे कांहीं रुपये होते. त्यांवरील बारीक ठिपके म्हणजे ठशाचे डाग, अशा समजुतीनें ते टाकाऊ ठरले होते. वस्तुतः १८६२ हें साल रुपयावर १८७४ पर्यंत तसेंच गोठून राहिलें, आणि त्या मुदतींत मुंबईनें ठराविक जागीं ठिपके देऊन निरनिराळ्या वर्षांचे रुपये वेगळे ओळखूं येतील अशी तजवीज केली, असें नाणकशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे डाग म्हणून जो टाकावयाचा, तोच त्या रुपयाच्या खऱ्या वर्षाचा साक्षी!

यास्तव संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, नाणें घासून उजळूं नये. वजन टिपावें, पुरा रुपया १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा असे. दोन्ही बाजूंचे स्पष्ट छाप घ्यावे. नाणें कोठें व कोणत्या नाण्यांसोबत मिळालें तें लिहून ठेवावें. एकाच ठशाचीं निदान दोन नाणीं पाहिल्याखेरीज नवा प्रकारभेद जाहीर करूं नये. आणि तीं पाहिल्यावरहि बुजलेला ठसा अनेक नाणीं बिघडवूं शकतो हें विसरूं नये.

रिसोडची दुसरी रास मुशींत जातां जातां वांचली. पहिलींतील चौथा रुपयाहि आम्ही ठेवून घेण्यास सांगितलें आहे. नाणें म्हणून त्याची किंमत गेली, तरी कानशीची खूण ओळखावयास तो पुढील परीक्षकांस उपयोगीं पडेल.