एका फ्रेंच सुताराचें घराणें

नाशिकास किंवा त्र्यंबकेश्वरीं गेलें असतां तीर्थोपाध्याय जुनी वही उघडतात आणि आपल्या पणजोबांचें हस्ताक्षर आपल्यापुढें ठेवतात. तें पाहून ज्यांस एकदां गहिंवर आला असेल, त्यांस आम्हीं कानडांतील एका सुताराची वंशावळ कां वाचीत बसलों, हें निराळें सांगावयास नको.

जां बायेर्जे हा फ्रान्समधील प्वातू प्रांताचा. जन्म १७२६ चा. पंधराव्या वर्षीं, म्हणजे १७४१ मध्यें, बिशप पोंब्रियां यांच्या परिवारासमवेत तो क्वेबेक नगरीं उतरला. तेव्हां ती फ्रान्सची वसाहत होती. तेथेंच तो सुतारकामांत निपुण झाला आणि १७५० मध्यें मारी-लुईझ पारां हिच्याशीं विवाहबद्ध झाला. त्यांस अकरा अपत्यें झालीं. त्यांपैकीं फ्रांस्वा हा १७५९ च्या जानेवारींत जन्मला, आणि त्याच वर्षीं उन्हाळ्यांत इंग्रजांच्या तोफांनीं नगराची व मुख्य चर्चची राखरांगोळी केली. राज्य गेलें, राजा बदलला. परंतु पडलेलें देवालय पुनः उभारावयाचें तर सुतार हवाच! नव्या अमदानींत जांच्या हातीं त्या देवालयाचें काम आलें.

आतां हें सारें कळतें कसें? फ्रान्समध्यें १६६७ च्या राजाज्ञेनें जन्म, विवाह व मृत्यु यांच्या नोंदी दोन प्रतींत ठेवाव्यात असें ठरलें होतें, आणि वसाहतींतही तोच प्रघात पडला: एक प्रत चर्चमध्यें, दुसरी न्यायकचेरींत. एक जळाली तरी दुसरी उरावी, हा हेतु. शिवाय विवाहाचे करार, उमेदवारीचे करार, मृताच्या घरांतील वस्तूंच्या याद्या हे कागद नोटरीच्या दफ्तरांत असत. शोधकास अडचण येते ती नांवांची. बायेर्जे हेंच नांव निरनिराळ्या प्रकारें लिहिलेलें आढळतें. तेथील दुसरें प्रसिद्ध काष्ठशिल्पी घराणें लव्हासर यांचें. त्याची एक शाखा ‘लाव्हीन्य’ म्हणवी, दुसरी ‘लेस्पेरांस’. एकाच नांवास चिकटून बसणारा संशोधक निम्मे चुलते गमावून बसेल.

एक गोष्ट मात्र आमच्या मनांत सलली. त्या नोंदींत स्त्री आपल्या माहेरच्या नांवानेंच येते: विवाहांत, मुलांच्या बाप्तिस्म्यांत, स्वतःच्या मृत्यूच्या वेळीं सुद्धां. म्हणूनच पावणेतीन शतकांपूर्वींची ती पारां घराण्यांतली मुलगी आज आपणांस तिच्या नांवानिशीं भेटते. आमच्या घरच्या वंशवृक्षांत पणजीच्या ठिकाणीं सासरचें नांव तेवढें आहे. तिचें माहेर कोणतें, हें सांगणारें घरांत कोणी उरलेलें नाहीं. आम्हींही वेळीं विचारलें नाहीं.

असो. फ्रांस्वास क्वेबेकच्या सेमिनरीच्या साहाय्यानें १७७८ मध्यें पॅरिसला मूर्तिकला शिकावयास जावयास मिळालें. १७८१ मध्यें तो परतला. १७८४ पासून १८०० पर्यंत त्यानें एक रोजकीर्द ठेविली होती, व ती सुदैवानें टिकली आहे. देवालयांतील मूर्ति, चित्रें, गलबतांच्या नाळेवरील कोरीव पुतळे असें नानाविध काम आणि त्याचे मिळालेले पैसे तींत नमूद आहेत. पॅरिसची विद्या घेऊन आलेल्या माणसास गलबतें सजवावीं लागलीं. पण त्याबद्दल त्यास कमीपणा वाटला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

त्याचा पुत्र तोमा (१७९१–१८५९) वास्तुशिल्पी झाला. मुख्य चर्चचा दर्शनी भाग त्यानें १८४३ मध्यें योजिला. तो अविवाहित राहिला. त्याची विद्या चुलतपुतण्या शार्ल याजकडे गेली. आणि शार्लचा भाऊ जॉर्ज-फ्रेदेरिक यानें १८९१ पासून घराण्याचा वृत्तांत खंडशः प्रसिद्ध केला.

२२ डिसेंबर १९२२ रोजीं तें देवालय पुन्हां जळालें, आणि बायेर्जे पितापुत्रांनीं घडविलेली आंतील सजावट आगीच्या भक्ष्यस्थानीं पडली. आज तेथें दिसतें तें जुने आराखडे व छायाचित्रें समोर ठेवून पुनः उभारलेलें आहे. फ्रांस्वाची रोजकीर्द मात्र त्याच्याच अक्षरांत आहे.